पाला जाळू नका, माती करा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही शेतीतज्ज्ञ नाही. आमचं आयुष्य गिरणीत साच्यांच्या खडखडाटात गेलं. तरी आज दोन शब्द मातीवर बोलायचे आहेत.

आपल्या विहाराच्या अंगणात पिंपळ आहे, बाजूला बदाम आहे. माघ-फाल्गुनात पानगळ सुरू झाली की रोज पोतंभर पाला निघतो. पूर्वी आम्हीच तो गोळा करून काडी लावायचो. गिरणीत कापसाचं तूस छातीत घेतलेली म्हातारी माणसं आपल्या वस्तीत आहेत. रात्रभर त्यांचा खोकला ऐकायचा आणि सकाळी त्यांच्याच दारात धूर करायचा, ही आमची चूक होती. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ साली उघड्यावर कचरा जाळण्यास बंदी करून ५,००० रुपये दंड ठरवला. दंड राहू द्या, शेजाऱ्याचा श्वास तरी पाहा!

मग पाल्याचं करायचं काय? मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर प्रीती पाटील आणि तिथल्या कामगारांनी २००२ पासून ओला कचरा व सुका पाला यांची माती करून भाजी पिकवून दाखवली. गोदीत जे जमलं, ते आपल्याला का जमू नये?

विहारामागे विटा रचून आम्ही ३ फूट रुंद, १ फूट उंच वाफा केला. ३ फूट अशासाठी, की दोन्हीकडून हात पोचतो, मातीवर पाय पडत नाही. पहिल्या वर्षी कोरडा पाला तसाच मातीत कालवून माठ पेरला. तो पिवळा पडला. कारण सुक्या पाल्यात कर्ब फार, नत्र थोडं. पाला कुजवणारे जिवाणू आपल्याला लागणारं नत्र मातीतून ओढतात, रोपाला उरत नाही.

पुढल्या वर्षी रीत बदलली. आधी प्लॅस्टिक, गुटख्याच्या पुड्या वेचायच्या. पाला चुरायचा. ३ घमेली पाला, त्यावर १ घमेलं भाजीचे देठ-साली किंवा शेण, वर मूठभर जुनी माती, असे थर लावायचे. ओल इतकीच, की मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा. दर १५ दिवसांनी खालीवर करायचं. ढीग खचून निम्म्याहून कमी होतो, घाबरू नका. तीन-चार महिन्यांत, पाऊस लागायच्या सुमारास, काळं भुसभुशीत खत होतं. ते निम्म्या जुन्या मातीत मिसळून वाफा भरा. उरलेला पाला रोपांभोवती पसरा, पण खोडाला चिकटू देऊ नका. त्याने ओल टिकते आणि तोही हळूहळू मुरतो.

त्याच वाफ्यात माठ गुडघ्याएवढा आला, आणि पहिली जुडी आम्ही त्या खोकणाऱ्या आजोबांच्याच घरी दिली.

तेव्हा बंधू-भगिनींनो, येत्या रविवारी प्रत्येक घरातून एक रिकामं पोतं आणि एक माणूस यावा. काडीपेटी मात्र घरीच ठेवा. एवढी विनंती करून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो.