निर्जन पुळणी आणि गावाची राखण
(राजूर, ता. वणी, जि. यवतमाळ येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोळशाच्या खाणी आणि चुनखडक यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या राजूरमध्ये समुद्राविषयी बोलणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु या परिसरातील चुनखडक अतिप्राचीन काळी येथेच पसरलेल्या समुद्राच्या तळाशी साचला आहे. तेव्हा सागराशी या भूमीचे नाते जुनेच आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

कोकणचा प्रवास म्हटला की ठरावीक नावे पुढे येतात. परंतु नेहमीच्या वाटेपासून दूर अशी कितीतरी बेटे आणि पुळणी आपल्या किनाऱ्यावर आहेत. मालवणसमोरील कुरटे बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्गाचा पाया घातला. किल्ल्याची तटबंदी आणि शिवराजेश्वराचे मंदिर पाहून बहुतेक प्रवासी परततात. तटाला लागून असलेली 'राणीची वेळा' ही चिमुकली पुळण मात्र अनेकांच्या नजरेतून सुटते. किल्ल्यातील दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींना चहूबाजूंनी खारे पाणी असतानाही गोडे पाणी लागते. जवळच्या पद्मगडाकडे ओहोटीच्या वेळी वाळूवरून चालत जाता येते. मात्र भरतीची वेळ ध्यानात ठेवूनच परतावे लागते.

आणखी दक्षिणेस, वेंगुर्ल्यासमोरील खुल्या समुद्रात 'वेंगुर्ला रॉक्स' हा खडकाळ बेटांचा समूह आहे. येथे दीपगृह आहे, वस्ती नाही. हुमायून अब्दुलअली यांनी येथील सुरय आणि पाकोळ्या यांविषयीचा लेख १९४२ साली मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिला. या पाकोळ्या गुहांतील खडकांवर आपल्या लाळेने घरटी बांधतात. पूर्व आशियात या घरट्यांना मोठी किंमत येते आणि त्यापायी येथील घरट्यांची चोरीही झालेली आहे. एकांत हे पाखरांचे संरक्षण खरे. पण पाहणारा कोणी नसला की तोच एकांत चोराच्याही उपयोगी पडतो.

एकांत नाहीसा झाला म्हणजे काय होते, हे देवबागला दिसते. कर्ली नदीच्या मुखाशी वाळूचा एक पट्टा आहे. तो २००४ सालच्या त्सुनामीनंतर वर आला, असे सांगतात. म्हणून त्याचे नावच 'त्सुनामी बेट' पडले. पाहता पाहता तेथे नौकांची आणि जलक्रीडांची गर्दी झाली. त्यामुळे अनेक कुटुंबांना रोजगार मिळाला, ही गोष्ट नाकारण्याचे कारण नाही. मात्र जवळच्या तारकर्लीच्या समुद्रात मे २०२२ मध्ये पर्यटकांची नौका उलटून दोघांना प्राणास मुकावे लागले. किती माणसे न्यावीत, कोणत्या हवामानात न्यावीत, अंगात जीवरक्षक जाकीट आहे की नाही, हे प्रश्न शोभेचे नाहीत, जिवाचे आहेत.

कायदे आहेत. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले. किनारपट्टी नियमनाची पहिली अधिसूचना १९९१ ची. परंतु मालवणच्या अभयारण्यास मच्छीमारांनी विरोध केला. कारण आपल्या जाळ्याचे काय होणार, ही त्यांची चिंता होती. ज्यांचे पोट त्या पाण्यावर आहे त्यांना विश्वासात घेतल्याशिवाय राखण टिकत नाही, हा त्यातील धडा होय. टिपेश्वरच्या अरण्याला फाटक घालता येते. समुद्राला फाटक नसते. तेथे गाव हेच फाटक.

हे साधते, याचा दाखला मंडणगड तालुक्यातील वेळास गावाने दिला आहे. तेथील पुळणीवर सागरी कासवे अंडी घालतात आणि पूर्वी ती अंडी पळवली जात. २००२ सालापासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांच्या सहकार्याने घरटी राखण्याचे काम आरंभिले. आज पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यास दूरदूरचे लोक येतात, गावकऱ्यांच्याच घरी उतरतात आणि त्यांच्याच हातचे जेवतात. अंडी विकून जे मिळाले नसते, ते अंडी राखून मिळाले.

राजूरच्या दृष्टीने यात घेण्यासारखे काय आहे? जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असते आणि गावाच्या जैवसंपदेची नोंदवही ठेवावयाची असते. हा नियम देवबागला आहे तसा राजूरलाही आहे. गावातील जुनी झाडे, नाला, गवताळ माळ आणि तेथे येणारी पाखरे यांची नोंद शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून करून घेतली, तर ती वही कपाटात पडून राहणार नाही. नैसर्गिक संपत्ती बाहेर गेली की मागे गावाला काय उरते, हा प्रश्न खाणीच्या गावाला कोणी शिकवावयास नको.

शाळेची सहल कोकणात गेलीच, तर शिक्षकांनी तीन गोष्टी पाहाव्यात. भरती-ओहोटीची वेळ आधी विचारावी. नौकेत जाकिटाशिवाय एकाही मुलाला बसवू नये. आणि नेलेले प्लॅस्टिक मोजून परत आणावे. सागर प्रथमच पाहणाऱ्या मुलाला त्या पुळणीवर आपल्या पावलांखेरीज काही मागे ठेवावयाचे नसते, एवढे उमगले, तरी तो आपल्या गावचा नालाही वेगळ्या नजरेने पाहू लागेल.