आकडा कोटींचा, कौल कोणाचा?

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)



चित्रपटाचा गल्ला हा व्यापाऱ्यांच्या चर्चेचा विषय, त्यावर व्याख्यान कसले, अशी शंका काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु आज शाळकरी मुलगाही अमुक चित्रपटाने इतके कोटी मिळविले, म्हणून तो श्रेष्ठ, असे ठामपणे सांगतो. यशाची व्याख्या घराघरांतून अशी बदलू लागते, तेव्हा विषय निव्वळ व्यापाराचा उरत नाही.

प्रथम हा आकडा तपासून पाहू. वृत्तपत्रात छापलेल्या एकूण गल्ल्यातून आधी कर वजा होतो. उरलेल्या रकमेत चित्रपटगृहाचा वाटा असतो. म्हणजे १०० कोटींच्या गल्ल्यातील निम्मी रक्कमही निर्मात्याच्या हाती येत नाही. दुसरे असे की, तिकीट सरासरी २०० रुपयांचे धरले, तर १०० कोटी म्हणजे ५० लाख तिकिटे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटींहून अधिक आहे. म्हणजे मराठी चित्रपटाने शंभर कोटी गाठले, तरी शंभरांतील पाच माणसांनीही तो चित्रपटगृहात पाहिलेला नसतो. मग 'साऱ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतला' या म्हणण्यात तथ्य किती?

आता वाटपाचे सूत्र पाहा. २००९ साली निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात मोठा तंटा झाला. एप्रिल ते जून नवे हिंदी चित्रपट तेथे लागले नाहीत. तडजोडीत निर्माता-वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्के असा ठरला. आठवडे जातील तसा वाटा घटत असल्यामुळे निर्मात्याचे सारे लक्ष पहिल्या तीन दिवसांवर खिळते. मग प्रचंड जाहिरात, हजारो पडदे आणि सोमवार उजाडण्याआधी वसुली, हीच नीती होऊन बसते. उलट ज्या चित्रपटाची कीर्ती एका तोंडून दुसऱ्या कानी जात पसरते, त्याला सोमवारी गैरसोयीच्या वेळेचा एखादा खेळ मिळतो, आणि शुक्रवारी तोही जातो.

जुने दिवस आठवा. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ साली आला आणि मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला. १५ ऑगस्ट १९७५ ला प्रदर्शित झालेल्या 'शोले'चा प्रारंभ थंडच होता, पण पुढे तो मिनर्व्हात पाच वर्षे टिकला. त्याच वर्षीच्या 'जय संतोषी माँ'कडे ना मोठा नट होता ना मोठे भांडवल, तरी माणसे भक्तिभावाने लोटली. या चित्रपटांना प्रेक्षक गोळा करण्यासाठी वेळ मिळाला. आजच्या सोमवारच्या कसोटीवर 'शोले' तरी टिकला असता का?

तथापि, सारा दोष व्यवस्थेच्या माथी मारून चालणार नाही. प्रेक्षक जागा असेल तर तो न्याय करतो, याची दोन उदाहरणे अलीकडचीच आहेत. जून २०२३ मध्ये 'आदिपुरुष' आला. रामकथेचा विषय, नामांकित नट, शेकडो कोटींचा खर्च! पहिल्या तीन दिवसांत गल्ला ओसंडून वाहिला. पण मारुतरायाच्या तोंडी घातलेले उथळ संवाद ऐकून प्रेक्षक व्यथित झाले. सोमवारपासून चित्रपट कोसळला. संवाद बदलले, तिकिटे स्वस्त केली, तरी तो सावरला नाही. याउलट जुलै २०२५ मधील 'महावतार नरसिंह' हा नटाविना केलेला सचेतपट. पहिल्या दिवशी २ कोटींच्या आसपास गल्ला, आणि पुढे देशात निव्वळ २०० कोटींच्या वर! प्रल्हादाची कथा श्रद्धेने सांगितली होती, एवढे लोकांना पुरले. विषय पवित्र असला म्हणजे कलाकृती आपोआप चांगली ठरत नाही, हे या प्रेक्षकांनी समीक्षकांहून स्पष्टपणे सांगितले.

हाच निकष आपल्या इतिहासपटांनाही लावला पाहिजे. १४ फेब्रुवारी २०२५ ला प्रदर्शित झालेल्या 'छावा'ने देशात निव्वळ गल्ला सुमारे ६०० कोटींपर्यंत नेला. छत्रपती संभाजी महाराजांचे बलिदान देशभर पोहोचले, याचा आनंद आहेच. झलकेतील लेझीमच्या दृश्यावर आक्षेप आल्यावर ते वगळले गेले, हेही उचित झाले. माझ्या मते उत्तरार्ध जितका हृदय हेलावणारा आहे, तितका पूर्वार्ध घाईचा आणि गोंगाटाचा आहे. पण त्याहून मोठा प्रश्न वेगळा. कादंबरी शिवाजी सावंतांची, दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर, चरित्रनायक आमचे दैवत. मग चित्रपट हिंदीत का? उत्तर उघड आहे. तेवढे भांडवल परत मिळेल याची खात्री मराठी प्रेक्षकाने अजून दिलेली नाही. 'पावनखिंड'सारखे चित्रपट दिग्पाल लांजेकरांनी मर्यादित साधनांत उभे केले, हे कौतुकास्पद आहे. मात्र तीच संथ गतीतील तलवारबाजी आणि त्याच गर्जना वारंवार दाखविल्या, तर तरुण पिढी कंटाळेल, हे सांगणेही आपलेच कर्तव्य आहे.

मराठी प्रेक्षक येत नाही, ही तक्रार मात्र अर्धसत्य आहे. २०१६ मध्ये 'सैराट'साठी खेड्यापाड्यांतून गर्दी झाली. ३० जून २०२३ ला आलेल्या केदार शिंदे यांच्या 'बाईपण भारी देवा'ने तर सर्वांचे अंदाज चुकविले. मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येणाऱ्या सहा बहिणींची ती कथा. मध्यमवयीन स्त्रियांसाठी कोण चित्रपट काढतो? पण त्या नटूनथटून, मैत्रिणींना घेऊन, गटागटाने आल्या. पुन्हा आल्या, सासूबाईंना घेऊन आल्या. गल्ला ९० कोटींच्या घरात गेला. त्या भगिनींनी कोणाच्या आवाहनाची वाट पाहिली नव्हती. आपले जगणे पडद्यावर दिसले, म्हणून त्यांनी तिकीट काढले.

तेव्हा करायचे काय? चांगला मराठी चित्रपट आला की 'पुढच्या आठवड्यात पाहू' असे म्हणू नका, कारण पुढचा आठवडा त्याच्या वाट्याला येईलच असे नाही. शक्य तर पहिल्या रविवारी सहकुटुंब जा. भ्रमणध्वनीवर फुकट आलेली चोरीची प्रत पाहू नका आणि पुढे पाठवू नका. ज्या निर्मात्याची आपण प्रशंसा करतो, त्याच्याच घरी ती चोरी असते. विषय आपला असूनही मांडणी सुमार असेल, तर तसे स्पष्ट सांगा. आणि घरातल्या मुलाने 'किती कोटी झाले?' असे विचारले, तर त्याला उलट विचारा, 'तुला त्यातले काय आठवते?' त्याच्या उत्तरातून त्या चित्रपटाचे खरे मोल कळेल.