घरातील हिरवा कोपरा आणि प्रकाशाचे अर्थशास्त्र



उद्यानांचे शहर ही बंगळुरूची ओळख जुनी आहे. हैदरअलीने 1760 मध्ये लालबागेचा पाया घातला. तेथील प्रसिद्ध काचगृहाची पायाभरणी 1889 साली झाली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचा आदर्श समोर ठेवून उभारलेल्या या वास्तूत आजही प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्य दिनाच्या निमित्ताने पुष्पप्रदर्शने भरतात. मात्र युरोपात काचगृह रोपांना ऊब देण्यासाठी बांधले जाई. समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर वसलेल्या बंगळुरूला त्या उबेची गरज नव्हती. येथे हिवाळ्यातील रात्रही पालेभाजीला सोसवते आणि उन्हाळ्यातील दुपारही घराच्या आत फारशी जाचत नाही. घरात रोपे वाढवण्याच्या छंदाला हे शहर इतके अनुकूल का ठरले, याचे पहिले कारण हवामानात आहे. तापमान राखण्याचा खर्च येथे जवळजवळ शून्य आहे.

या अनुकूलतेला शास्त्राची जोडही मिळाली. 1964 मध्ये स्थापन झालेले कृषी विज्ञान विद्यापीठ आणि 1967 मध्ये स्थापन झालेली हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्था या दोन्ही संस्था शहराच्या वेशीवर आहेत. विद्यापीठातील कीटकशास्त्रज्ञ डॉ. बी. एन. विश्वनाथ यांनी गच्चीवरील भाजीपाल्याचे प्रशिक्षण सामान्य नागरिकांपर्यंत नेले. त्या प्रेरणेतून 2011 पासून ‘ऊट फ्रॉम युवर तोट’ हे मेळावे भरू लागले. कन्नडमध्ये ‘ऊट’ म्हणजे जेवण आणि ‘तोट’ म्हणजे बाग. गच्ची असलेल्यांची सोय झाली. पण सदनिकेत राहणाऱ्या, गच्चीवर हक्क नसलेल्या कुटुंबाने खोलीत, खिडकीत किंवा सज्जात लागवड करायची ठरवली, तर तिचे अर्थकारण काय असते? प्रश्न लहान आहे. तथापि संधी परिव्यय, सीमान्त खर्च, बाह्य परिणाम या संकल्पना परीक्षेपुरत्या पाठ न करता समजून घेण्यासाठी तो उत्तम आहे.

प्रकाश : फुकट मिळणारे भांडवल

शेतीच्या जमाखर्चात बियाणे, खत, पाणी, मजुरी यांची नोंद होते. सूर्यप्रकाशाची होत नाही, कारण त्याचे बिल येत नाही. गणिताचे अध्यापक आणि प्रयोग परिवाराचे प्रवर्तक श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना हीच न लिहिलेली नोंद दाखवून दिली. पानांच्या क्षेत्रफळावर किती ऊन पडते याचा हिशेब मांडायला त्यांनी शिकवले. शेतात उपेक्षित राहणारा हा घटक घरात शिरताच सर्वांत दुर्मिळ होतो.

माणसाचा डोळा या बाबतीत विश्वासार्ह साक्षीदार नाही. भर दुपारी उघड्यावर सुमारे एक लाख लक्स इतका प्रकाश असतो. थेट ऊन न येणाऱ्या, पण उजळ खिडकीशी तो काही हजारांवर येतो आणि खिडकीपासून दोन-तीन मीटर आत अवघ्या काही शेकड्यांवर. बाहुली विस्फारून डोळा जुळवून घेतो, त्यामुळे खोली प्रकाशमान भासते. रोपाला अशी सवलत नाही. ते लांबट, फिकट होत खिडकीकडे झुकते. घरमालक पाणी कमी पडले असे समजून आणखी पाणी घालतो आणि मुळे कुजतात. घरातील रोपांच्या मृत्यूचे हे नेहमीचे कारण आहे.

खिडकी कोणत्या दिशेची, यालाही अक्षांशाचे गणित आहे. इंग्लंड-अमेरिकेतील बागकामाची पुस्तके दक्षिणेची खिडकी सर्वोत्तम मानतात. तो सल्ला बंगळुरूत जसाच्या तसा चालत नाही. शहर सुमारे 13 अंश उत्तर अक्षांशावर आहे. साधारण एप्रिलअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य येथे डोक्याच्या उत्तरेस असतो. त्या काळात दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन येत नाही, उत्तरेच्या खिडकीत सकाळ-संध्याकाळ तिरपे येते. हिवाळ्यात हे चित्र उलटते. बारमाही भरवसा पूर्वेच्या खिडकीचा; तिला रोज सकाळचे सौम्य ऊन मिळते. पश्चिमेची खिडकी मार्च-एप्रिलमध्ये कोवळी पाने करपवते, तेथे पातळ पडदा लागतो. ज्या घराला पूर्वेची मोकळी खिडकी आहे, त्याला अर्धे भांडवल विनामूल्य मिळाले असे समजावे.

दिव्याचा हिशेब

खिडकी नसेल तर दिवा. एक चौरस मीटर पालेभाजीला पुरेसा प्रकाश द्यायचा, तर चांगल्या प्रतीचे सुमारे 125 वॅटचे एलईडी दिवे रोज 14 तास लावावे लागतात. हा खर्च दिवसाला पावणेदोन युनिट, महिन्याला सुमारे 52 युनिट होतो. एवढ्या जागेतून नीट व्यवस्थापन केल्यास महिन्याला तीनेक किलो पाला निघेल असे धरू. युनिटला सहा रुपये दर धरला, तर केवळ विजेपोटी किलोमागे शंभर रुपयांहून थोडा अधिक खर्च येतो. बियाणे, माध्यम, दिव्यांची झीज आणि मेहनत अद्याप मोजलेली नाही.

कर्नाटकातील गृहज्योती योजना हा हिशेब अधिक उद्बोधक करते. 2023 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत घरगुती ग्राहकाला त्याच्या मागील सरासरी वापराशी जोडलेली, कमाल 200 युनिटपर्यंतची वीज विनामूल्य मिळते. वापर 200 च्या पुढे गेला की त्या महिन्याचे संपूर्ण बिल भरावे लागते. दरमहा 160 युनिट वापरणाऱ्या कुटुंबाने रोपांसाठी 52 युनिटची भर घातली, तर एकूण वापर 212 होतो. सवलत जाते आणि सहा रुपये दराने 1,272 रुपये, शिवाय स्थिर आकार भरावा लागतो. म्हणजे त्या तीन किलो भाजीचा विजेचा सीमान्त खर्च 312 रुपये नसून 1,272 रुपये, किलोमागे सव्वाचारशेच्या घरात आहे. सरासरी खर्च आणि सीमान्त खर्च यांतील भेद याहून ठसठशीत क्वचितच दिसतो. अनुदानाची मर्यादा पायरीसारखी आखली की तिच्या काठावर असेच कडे तयार होते.

पालेभाजीऐवजी धान्य घेतले तर? एक किलो तांदळात सुमारे 3,500 किलोकॅलरी, म्हणजे चार युनिट विजेइतकी ऊर्जा असते. दिव्यातील नुकसान, प्रकाशसंश्लेषणाची मूळचीच अल्प कार्यक्षमता आणि दाण्यात न उतरणारा पेंढा लक्षात घेता, विजेतील ऊर्जेचा जेमतेम एक टक्का दाण्यात पोहोचेल असे मानू. म्हणजे किलोला 400 युनिट, 2,400 रुपये! सूर्य ज्याचे वेतन मागत नाही ते काम दिव्याकडून करून घेतल्यावर पडणारी ही किंमत आहे. बंद इमारतीतील बहुमजली शेती जगाची भूक भागवील असे काही वर्षांपूर्वी मोठ्या उत्साहाने सांगितले जात होते. अमेरिकेतील एअरोफार्म्सने जून 2023 मध्ये दिवाळखोरी कायद्याचे संरक्षण मागितले, बोवेरी नोव्हेंबर 2024 मध्ये बंद पडली, प्लेन्टीने मार्च 2025 मध्ये एअरोफार्म्सचाच मार्ग धरला. या कंपन्यांची कारणे वेगवेगळी असली, तरी विजेचा आणि यंत्रसामग्रीचा बोजा सर्वांवर होता.

म्हणून घरात काय लावावे, याचे उत्तर हिशेबातूनच मिळते. पुदिना, कोथिंबीर, पालक, लेट्यूस ही कमी उन्हात तग धरणारी आणि ताजेपणाला मोल असलेली पिके. मेथी, मोहरी किंवा मुगाचे कोवळे अंकुर आठ-दहा दिवसांत कापणीस येतात. त्यांची बरीचशी वाढ बियातील साठ्यावर होते, म्हणून त्यांना प्रकाशही थोडाच पुरतो. माठाचा मोह मात्र खोलीत टाळावा. हेसरघट्ट्याच्या संस्थेने ‘अर्का सुगुणा’ हे माठाचे बहुकापणी वाण दिले आहे, पण माठ हे कडक उन्हाचे पीक आहे, त्याची जागा गच्चीवर. टोमॅटो आणि मिरचीचेही तेच.

पाणी, माध्यम आणि कचरा

बंगळुरूचे कावेरीचे पाणी सुमारे 100 किलोमीटरवरून आणि सुमारे 500 मीटर उंच चढवून आणले जाते. मार्च 2024 मधील टंचाईत जलमंडळाने पिण्याचे पाणी बागेला आणि वाहने धुण्यास वापरण्यास बंदी केली. दंड 5,000 रुपयांचा होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात 775 दशलक्ष लिटर क्षमतेचा कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाला, तरी पाणी स्वस्त झाले असे म्हणता येत नाही. सुदैवाने घरातील एक चौरस मीटर लागवडीला दिवसाला दोन-तीन लिटर पुरतात. तेवढे पाणी तांदूळ आणि भाज्या धुतल्यावर रोज स्वयंपाकघरातच उरते. जलशुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकलेले पाणी कुंडीत नियमित ओतण्याची प्रथा मात्र योग्य नव्हे. विहीर किंवा कूपनलिकेच्या पाण्यावर चालणाऱ्या यंत्रात तर क्षार एकवटतात आणि काही महिन्यांत पानांच्या कडा जळू लागतात.

मातीऐवजी काथ्याचा भुसा अर्थात कोकोपीट वापरणे येथे सोयीचे आहे, कारण तुमकुरू आणि हासन हे नारळाचे जिल्हे जवळच आहेत. तो हलका असतो आणि पाणी चांगले धरतो. वापरण्यापूर्वी दोन-तीन वेळा धुऊन त्यातील क्षार काढावे लागतात. त्यात अन्नद्रव्ये जवळजवळ नसतात, ती कंपोस्टमधून द्यावी लागतात. आणि येथेच घरातील लागवडीचा खरा सामाजिक लाभ दडलेला आहे.

शहराचा कचरा वर्षानुवर्षे मावळ्ळीपुरा आणि मंडूर या गावांच्या माथी मारला गेला. तेथील भूजल नासले, ग्रामस्थांनी आंदोलने केली. मावळ्ळीपुऱ्यातील टाकणे 2012 मध्ये आणि मंडूरमधील 2014 च्या अखेरीस थांबवावे लागले. डिसेंबर 2015 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ओला, सुका आणि टाकाऊ असे वर्गीकरण सक्तीचे केले. 2016 च्या केंद्रीय नियमांनीही स्रोतापाशी वर्गीकरणाची जबाबदारी नागरिकावर टाकली. ज्या घरात रोपे आहेत तेथे भाज्यांची साले मडक्यात किंवा डब्यात कुजवण्यास प्रयोजन मिळते. भाजीच्या बिलात होणारी बचत क्षुल्लक असेल, परंतु दुसऱ्याच्या गावी जाणारा ओला कचरा कमी होणे हा बाजारभावात न दिसणारा, तरी ठोस असा लाभ आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी उभारलेल्या बागेचा प्रारंभही स्वयंपाकघरातील कचऱ्याच्या विल्हेवाटीतूनच झाला.

बाह्य परिणाम प्रतिकूलही असू शकतो. कुंडीखालच्या ताटलीत साचलेले पाणी एडिस डासाला पुरेसे असते. अंड्यापासून डास होण्यास आठवडा-दहा दिवस लागतात. सप्टेंबर 2024 मध्ये कर्नाटकाने डेंग्यूला साथरोग घोषित केले आणि शहरी घरांत डासांची पैदास आढळल्यास 400 रुपये दंड ठेवला. आठवड्यातून एकदा ताटल्या कोरड्या करणे हा शेजाऱ्यांप्रति असलेला साधा धर्म आहे.

घरातील रोपे हवा शुद्ध करतात, हा दावा 1989 च्या नासाच्या प्रयोगांवर बेतलेला आहे. ते प्रयोग लहान, बंदिस्त पेटीतले होते. 2019 मध्ये कमिंग्ज आणि वॅरिंग यांनी अशा अभ्यासांचा फेरआढावा घेतला, तेव्हा खेळत्या हवेची बरोबरी करायला दर चौरस मीटरला दहा ते हजार रोपे लागतील असे दिसले. खिडकी उघडणे स्वस्त पडते.

मेहनत कोणाची, गच्ची कोणाची

हिशेबातील सर्वांत दुर्लक्षित नोंद वेळेची. रोजची वीस मिनिटे म्हणजे महिन्याला दहा तास. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकामात सहभागी स्त्रिया दिवसाला 289 मिनिटे घालवतात, तर पुरुष 88 मिनिटे. छंद म्हणून आणलेली कुंडी पहिल्या महिन्यानंतर कोणाच्या कामात जमा होते, हे या दोन आकड्यांवरून ताडता येईल. लागवड ‘फुकट’ ठरते ती बहुधा हेच श्रम न मोजल्यामुळे.

शेवटी प्रश्न मालकीचा. बंगळुरूत 20 बाय 30 आणि 30 बाय 40 फुटांच्या भूखंडांवर भिंतीला भिंत लागून मजले चढले आहेत. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 च्या कलम 15 नुसार खिडकीतून येणारा प्रकाश वीस वर्षे अखंड आणि निर्वेधपणे उपभोगला असेल, तर त्यावर हक्क प्राप्त होतो. पण तेथेही मापदंड माणसाच्या सोयीचा आहे, रोपाच्या गरजेचा नाही. आणि दर अकरा महिन्यांनी करार बदलणाऱ्या भाडेकरूला वीस वर्षांचा कायदा काय कामाचा? ज्याच्या खिडकीसमोर तीन फुटांवर शेजारची भिंत आहे, त्याला शिंपला अळिंबी हा पर्याय उरतो. तिला प्रकाशसंश्लेषणाची गरज नसते आणि हेसरघट्ट्याच्या संस्थेत तिचे बियाणे व प्रशिक्षण मिळते. सदनिकाधारकांसाठी आणखी एक वाट आहे. कर्नाटक अपार्टमेंट मालकी अधिनियम, 1972 छताची गणना सामाईक क्षेत्रात करतो. संघटनेच्या सभेत ठराव करून गच्चीचा काही भाग लागवडीस मोकळा करता येतो. त्याआधी जलरोधक थराची आणि भाराची तपासणी व्हावी, कारण एक घनमीटर ओली माती पावणेदोन टनांच्या आसपास भरते. भाडेकरूला अशा सभेत बहुधा मत नसते. ठरावाच्या मसुद्यातच ‘रहिवासी’ असा शब्द घालून त्याला वाफ्याचा वाटा देणाऱ्या संघटनेला त्यासाठी वेगळा पैसा खर्च करावा लागत नाही.