आतड्याची पारगम्यता आणि तिच्या चाचण्या

लहान आतड्याच्या आतील बाजूस पेशींच्या केवळ एका थराचे अस्तर असते आणि त्यातील बहुतेक पेशी तीन ते पाच दिवसांत झडून त्यांची जागा नव्या पेशी घेतात. अन्नातील साखर, अमिनो आम्ले आणि क्षार रक्तात जाऊ देणे आणि त्याच वेळी जंतू व अर्धवट पचलेली प्रथिने अडवून धरणे अशी दोन परस्परविरोधी कामे हा नाजूक थर आयुष्यभर बिनबोभाट पार पाडतो. शेजारच्या दोन पेशींमधील फट ज्या प्रथिनांच्या पट्ट्यांनी बंद झालेली असते, त्यांना टाइट जंक्शन म्हणजे घट्ट सांधे असे म्हणतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने १९६३ मध्ये मेरिलिन फार्क्वार आणि जॉर्ज पॅलाडे यांनी त्यांचे नेमके वर्णन केले. हे सांधे कायमचे सीलबंद नसून गरजेप्रमाणे किंचित सैल होतात आणि पुन्हा आवळले जातात, त्यामुळे निरोगी माणसाच्या आतड्यातूनही काही पदार्थ या फटींतून रक्तात उतरतच असतात. अस्तरातून पदार्थ पार जाऊ देण्याच्या या गुणाला पारगम्यता म्हणतात.

सीलिअॅक विकार, क्रोन्स विकार, मोठ्या प्रमाणावर भाजणे, कर्करोगावरील केमोथेरपी अशा अवस्थांत पारगम्यता वाढते, याविषयी वैद्यकशास्त्रात दुमत नाही. अलीकडे ज्याला ‘लीकी गट सिंड्रोम’ म्हटले जाते त्याचा दावा मात्र याहून बराच मोठा आहे. थकवा, पोटफुगी, त्वचेवरील चट्टे, सांधेदुखी, मन एकाग्र न होणे या सर्वांचे मूळ आतड्याच्या गळतीत आहे आणि ती गळती एका तपासणीत पकडता येते, असे या नावाखाली सांगितले जाते. या नावाचा स्वतंत्र आजार वैद्यकीय वर्गीकरणात नाही. वाढलेली पारगम्यता हे बहुतेक ठिकाणी आजाराचे कारण आहे की परिणाम, हेही अद्याप सुटलेले नाही. म्हणूनच चाचणीचा विचार करताना ती नेमके काय मोजते हे आधी समजून घेणे इष्ट ठरते.

संशोधनात सर्वाधिक वापरली गेलेली चाचणी लॅक्टुलोज आणि मॅनिटॉल या दोन शर्करांची आहे. लॅक्टुलोज म्हणजे बद्धकोष्ठावर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या गोड पातळ औषधातील साखर. तिचा रेणू मोठा असल्यामुळे तो पेशींच्या मधल्या फटींतूनच काय तो आत शिरू शकतो. मॅनिटॉलचा रेणू लहान असतो आणि तो अस्तरातील असंख्य सूक्ष्म छिद्रांतून सहज पार होतो. दोन्ही शर्करा शरीरात जवळजवळ वापरल्या जात नाहीत आणि रक्तात आल्यावर मूत्रपिंडावाटे जशाच्या तशा बाहेर पडतात, हीच या चाचणीची खुबी आहे. रात्रभर उपाशी राहिलेल्या व्यक्तीने सकाळी आधी मूत्राशय रिकामे करायचे, मग साधारणपणे पाच ग्रॅम लॅक्टुलोज आणि एक ते दोन ग्रॅम मॅनिटॉल विरघळवलेले पाणी प्यायचे आणि पुढील पाच-सहा तासांतील सगळी लघवी, एकही वेळ न चुकवता, एका भांड्यात जमा करायची. जंतूंनी साखर खाऊन टाकू नये म्हणून त्या भांड्यात परिरक्षक द्रव्य घातलेले असते. निरोगी माणसात घेतलेल्या लॅक्टुलोजचा शंभरावा भागही लघवीत उतरत नाही, तर मॅनिटॉलचा दहावा भाग किंवा त्याहून अधिक उतरतो. या दोन प्रमाणांचे गुणोत्तर हा चाचणीचा निष्कर्ष होय.

एकच शर्करा न देता दोन देण्यामागे मोठा विचार आहे. जठर सावकाश रिकामे झाले, मूत्रपिंड मंद चालले किंवा थोडी लघवी सांडली, तर दोन्ही आकडे सारख्याच प्रमाणात घटतात आणि गुणोत्तर फारसे बदलत नाही. तरीही या गुणोत्तराच्या पोटात एक मेख आहे. सीलिअॅक विकारात आतड्यातील बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे सपाट होतात, शोषणाचे क्षेत्रफळ घटते, मॅनिटॉल कमी शोषले जाते आणि फटी वाढल्या नसतानाही गुणोत्तर चढते. याउलट लहान आतड्यात जंतूंची वाढ झालेली असल्यास ते जंतू लॅक्टुलोज आधीच फस्त करतात आणि गुणोत्तर खोटे उतरते. केवळ गुणोत्तर छापून दोन मूळ आकडे न देणारा अहवाल म्हणूनच अपुरा समजावा.

बाहेरच्या गोष्टींचाही परिणाम होतो. फ्लॉवर, अळंबी आणि साखरविरहित च्युइंगममध्ये मॅनिटॉल मुळातच असते. म्हणूनच अनेक संशोधकांनी कार्बन-१३ ने खुणावलेले मॅनिटॉल वापरण्यास सुरुवात केली. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या, मद्य आणि उन्हातील कष्टाचा व्यायाम यांनी पारगम्यता तात्पुरती वाढते, त्यामुळे आदल्या दिवशी गुडघेदुखीसाठी गोळी घेतलेल्या माणसाचा अहवाल त्याच्या आतड्याविषयी बोलतो की त्या गोळीविषयी, हे सांगणे अवघड असते.

या चाचणीचे खरे मोल एकेका रुग्णापेक्षा समूहांच्या अभ्यासात दिसून आले आहे. अस्वच्छ पाणी आणि वारंवार होणारे जुलाब यांच्या सान्निध्यात वाढणाऱ्या बालकांच्या आतड्याचे अस्तर बाहेरून कोणतेही लक्षण न दिसता झिजत राहते आणि त्यांची उंची खुंटते. गांबियातील तान्ह्या मुलांवरील १९९१ सालच्या अभ्यासात ही सांगड प्रथम ठळकपणे पुढे आली, आणि पुढे आठ देशांत झालेल्या ‘मॅल-एड’ या अभ्यासात तमिळनाडूतील वेल्लोर हेही एक केंद्र होते. तेथे प्रश्न एखाद्या मुलाच्या निदानाचा नव्हता, तर शेकडो मुलांच्या सरासरीचा होता. अशा कामात वैयक्तिक चढउतार एकमेकांना छेदून जातात. एका माणसाच्या एका सकाळच्या मोजणीला हा आधार नसतो.

दुसरी बहुचर्चित चाचणी झोन्युलिनची. कॉलऱ्याच्या जंतूचे एक विष घट्ट सांधे सैल करते, असे आलेस्सिओ फसानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९९१ मध्ये आढळले. माणसाच्या शरीरातही तसेच काम करणारे प्रथिन आहे असे मांडून त्यांनी २००० मध्ये त्याला झोन्युलिन हे नाव दिले, आणि ते प्रथिन म्हणजे हॅप्टोग्लोबिन-२ चे पूर्वरूप असल्याचे २००९ मध्ये जाहीर केले. इथवर शास्त्र ठीक आहे. घोटाळा आहे तो बाजारातील तयार संचांत. हॅप्टोग्लोबिन-१ चीच दोन जनुके असणाऱ्या व्यक्तींच्या शरीरात झोन्युलिन तयारच होत नाही, पण त्यांच्याही रक्तात या संचांनी ‘झोन्युलिन’ दाखवले. २०१८ आणि २०१९ मध्ये स्वतंत्र संशोधक गटांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार हे संच झोन्युलिन नव्हे, तर दुसरीच काही प्रथिने मोजतात. ज्या आकड्याचा अर्थच निश्चित नाही, तो वाढला म्हणून घाबरण्यात किंवा उतरला म्हणून औषध लागू पडले असे मानण्यात हशील नाही. या ठिकाणी एक बारीक भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे: प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या संस्थेची मान्यता असणे याचा अर्थ तेथील मोजणीचे तंत्र व गुणवत्ता तपासली गेली आहे एवढाच होतो, मोजलेल्या गोष्टीचा आजाराशी संबंध आहे, अशी हमी त्या मान्यतेत नसते.

अन्नपदार्थांविरुद्धच्या आयजीजी प्रतिपिंडांची लांबलचक यादी देणारी तपासणी याच पंक्तीतली. रोज गहू आणि दूध घेणाऱ्याच्या रक्तात त्यांच्याविरुद्धची आयजीजी प्रतिपिंडे आढळणे हे त्या अन्नाशी झालेल्या परिचयाचे लक्षण असून, युरोप आणि अमेरिकेतील अॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी या तपासणीवरून अन्नाची असहिष्णुता ठरवू नये असे स्पष्ट सांगितले आहे. अशा यादीवरून वाढत्या मुलाचे दूध, गहू, डाळी आणि अंडी एकदम बंद करणे म्हणजे नसलेल्या आजाराच्या उपचारापायी खऱ्या कुपोषणाला आमंत्रण देणे होय.

पोटाची तक्रार दीर्घकाळ चालली असेल तर ज्या आजारांत पारगम्यता वाढते ते आजार शोधणे श्रेयस्कर ठरते, कारण त्यांच्यासाठी विश्वासार्ह तपासण्या आणि ठरलेले उपचार उपलब्ध आहेत. विनाकारण घटलेले वजन, शौचावाटे रक्त, झोपेतून उठवणारे जुलाब, रेंगाळणारा ताप, रक्तक्षय किंवा पन्नाशीच्या सुमारास प्रथमच बदललेली शौचाची सवय यांपैकी काहीही असल्यास पोटविकारतज्ज्ञाकडे जाण्यास विलंब करू नये. आतड्यातील दाह आहे की नाही याचा अंदाज शौचातील कॅलप्रोटेक्टिन या प्रथिनाच्या मोजणीवरून येतो आणि गरज पडल्यास दुर्बिणीने तपासून ऊतीचा तुकडा घेतला जातो. भारतात आतड्याचा क्षयरोग हुबेहूब क्रोन्स विकारासारखा दिसत असल्याने त्या तुकड्याचे महत्त्व अधिकच आहे.

सीलिअॅक विकार उत्तर भारताच्या मानाने दक्षिणेत विरळ आढळत असला, तरी महाराष्ट्रात त्याचा विचारच न होणे योग्य नाही. त्याच्यासाठी रक्तातील टीटीजी-आयजीए ही प्रतिपिंडे आणि सोबत एकूण आयजीए तपासतात. ही तपासणी गहू खाणे चालू असतानाच करावी लागते, कारण गव्हातील ग्लुटेन थांबले की प्रतिपिंडे हळूहळू ओसरतात आणि असलेला आजारही अहवालात दिसेनासा होतो. ‘लीकी गट’च्या शंकेने ज्यांनी आधीच पोळी सोडून ज्वारी-बाजरीची भाकरी धरली आहे, त्यांनी ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी, कारण अशा वेळी त्यांच्या सल्ल्याने तपासणीपूर्वी किमान सहा आठवडे दिवसातून एकाहून अधिक जेवणांत गहू पुन्हा घ्यावा लागतो.