कारागृहातील रोग आणि आपले कर्तव्य



न्यायालय अपराध्याचे स्वातंत्र्य काढून घेते. त्याचे आरोग्य नव्हे. कारागृहाच्या दारात मूलभूत हक्क संपत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली सुनील बात्रा प्रकरणात स्पष्ट केले. १८९४ च्या कारागृह अधिनियमानेही प्रवेशाच्या वेळी वैद्यकीय तपासणी, आजाऱ्याची विनाविलंब दखल आणि साथ उद्भवल्यास तात्पुरता निवारा ही कर्तव्ये प्रशासनावर सोपविली होती. पुढे २०१७ च्या एचआयव्ही व एड्सविषयक अधिनियमाने कोठडीतील व्यक्तीस समुपदेशन, तपासणी व उपचार यांचा हक्क दिला.

हक्काबरोबर कर्तव्यही येते. खोकला लपवू नये, औषधे मध्येच सोडू नयेत, हे बंदिवानाचे कर्तव्य होय.

परंतु क्षयावरील उपचार सर्वसाधारणतः सहा महिने चालतात. जामीन मात्र त्याआधीच मिळू शकतो. म्हणून सुटकेच्या वेळी औषधे व उपचारपत्रिका बंदिवानाच्या हाती द्यावी आणि गावाजवळील प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. तेथून पुढची जबाबदारी आपली. पंचायत सदस्यांनी त्यास वाळीत पडू देऊ नये. शिक्षकांनी त्याच्या मुलास वर्गात हिणवू देऊ नये. तुटलेला उपचार अखेर साऱ्या गावालाच भोवतो.