माशातले चपटे जंत

करंजा आणि मोरा बंदरांवरची मासळी आपण उरणकर रोज साफ करतो. कधी माशात जंत दिसतो. "मासळी नासली!" म्हणून पैसे मोजून आणलेला मासा उकिरड्यावर जातो. पण जंत म्हणजे नासणे नव्हे. तो जिवंत माशातही असतो. आधी त्याला ओळखू या.

दोऱ्यासारखा गोल जंत निराळा. चपट्या जंतांची मुख्य 3 घराणी.

पहिले बहुधा कल्ल्यांवर राहते. शेपटाकडच्या आकड्यांनी किंवा चिमट्यांनी घट्ट धरून बसते.

दुसरे पानासारखे. ते बहुधा आतड्यात असते. चिकटायला त्याला बहुतेक 2 वाट्या असतात. त्याची पिल्ले आधी शंखशिंपल्यांतल्या जिवांत वाढतात.

तिसरे फितीसारखे लांब, बहुधा पेरापेरांचे. ते मुशी-पाकटाच्या आतड्यात सापडते. रत्नागिरीच्या माशांतले असे जंत मराठवाड्यातील अभ्यासकांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि त्यांना नावे दिली.

मग आपण काय करावे? कल्ले आणि आतडी लगेच काढावी. मासा आतपर्यंत नीट शिजवावा. म्हणजे जंत मरतो. मासा ताजा की शिळा, हे मात्र वासावरून, डोळ्यांवरून आणि कल्ल्यांच्या रंगावरून ठरवावे. जंतावरून नव्हे.