परचेसच्या टेबलावर बसणाऱ्यांना



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यातले बरेचजण थोड्याच दिवसांत भोसरी, तळवडे, चाकणच्या कारखान्यांत रुजू होतील. कुणी क्वालिटीत, कुणी डिझाइनमध्ये. जे परचेसमध्ये, म्हणजे खरेदी विभागात जातील, त्यांच्याशी मला आज दलित आणि महिला उद्योजकांविषयी मुद्दाम बोलायचं आहे.

मिलिंद कांबळे यांनी २००५ साली पुण्यात ‘डिक्की’, म्हणजे दलित उद्योजकांचं चेंबर, उभं केलं. नोकरी मागणाऱ्यांनी नोकरी देणारं व्हावं, हा त्यामागचा आग्रह. २०१६मध्ये ‘स्टँड-अप इंडिया’ आली. प्रत्येक बँक शाखेनं अनुसूचित जाती-जमातीच्या किमान एका उद्योजकाला आणि किमान एका महिलेला १० लाख ते १ कोटी रुपयांचं कर्ज द्यावं, अशी ती योजना होती. केंद्राच्या खरेदी धोरणानुसार किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म-लघु उद्योगांकडून व्हायला हवी. त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी. पण हे बंधन केंद्राच्या खात्यांना आणि सरकारी कंपन्यांना आहे. चाकणच्या खासगी कारखान्यांना नाही. कर्ज मिळून शेडमध्ये पॉवर प्रेस बसतो, पण त्या प्रेसला काम कुठून आणायचं?

इथं काम ओळखीनं मिळतं. कोटेशनची चौकशी नेहमीच्याच पुरवठादारांना जाते. नवा माणूस व्हेंडर कोडसाठी हेलपाटे घालतो, आणि बाई असेल तर गेटवर आधी विचारतात, “साहेब नाही आले?” भोसरीच्या शेडमध्ये दोन पॉवर प्रेस चालवणारी बाई स्वतः डाय सेट करते, ब्रॅकेटच्या कडेवरून बोट फिरवून बर, म्हणजे धारदार कंगोरा, राहिली का पाहते. तिचा नमुना तुमच्या टेबलापर्यंत पोचला, तर तिला कुणाच्या शिफारशीची गरज नाही. पोचतच नाही, हे दुखणं आहे. बचतगटांच्या मेळाव्यांत सत्कार पुष्कळ होतात; मला त्यापेक्षा एक ट्रायल ऑर्डर मोलाची वाटते.

ऑर्डर मिळाली, की पैशाची ओढाताण सुरू होते. पत्रा रोखीनं घ्यावा लागतो, कामगारांचा पगार थांबत नाही. २००६च्या एमएसएमई कायद्यानं सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकवायचं आहे. ही मुदत माल स्वीकारल्यापासून मोजतात, म्हणून माल गेटातून आत आला की जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, त्याच दिवशी करा. मोठ्या पुरवठादाराला आठवड्याचा उशीर जाणवत नाही. दोन प्रेसच्या शेडला तो सोसत नाही.

चौकशी पाठवताना यादीत एक तरी नवं नाव घाला. डिक्कीला फोन करा, मराठा चेंबरला विचारा, महिला उद्योजकांच्या संघटनांकडून नावं मागवा. माप चुकलं तर माल जरूर परत पाठवा. गुणवत्तेत सवलत कुणी मागितलेली नाही. पण ड्रॉइंगवर जिथं माप चुकलं तिथं खूण करून द्या, आणि पुरवठादार दुरुस्त करून आणेल तेव्हा तो नमुना पुन्हा मोजा.